जात्यांची फरशी: सेंट ऑल्बन्स, जून १३८१

शनिवार, १५ जून १३८१. लंडनच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवरच्या सेंट ऑल्बन्स गावातले लोक गावाच्या उशाशी असलेल्या मठात शिरले. बेनेडिक्टाइन पंथाचा हा मठ इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक. संत आल्बनच्या समाधीवर सोन्याचांदीचं काम होतं. लोक तिकडे वळले नाहीत. त्यांच्यातले काहीजण थेट मठाधिपतीच्या बैठकीच्या दालनापाशी गेले आणि तिथली फरशी उखडू लागले. ती फरशी जात्यांच्या तळ्यांची होती. पन्नास वर्षांपूर्वी मठाने त्यांच्या आजोबा-आजींच्या घरांतून उचलून आणलेले ते दगड. बाहेर आणून त्यांनी त्यांचे बारीक तुकडे केले आणि जमलेल्या माणसांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला.

इंग्लंडमधलं शेतकऱ्यांचं १३८१ चं बंड आपल्याकडे वाचलं जातं ते लंडनचं. बंडखोरांचा पुढारी वॉट टायलर, चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड, स्मिथफील्डच्या मैदानात टायलरवर झालेला वार. पण त्या उठावाचं खरं अंग गावोगावी पसरलेलं होतं: केंट, एसेक्स, सफोक, नॉरफोक, केंब्रिज, हर्टफर्डशर. प्रत्येक ठिकाणचं दुखणं वेगळं, वैरी वेगळा, हिशेब वेगळा. देशभर पेटलेल्या वणव्याच्या उजेडात लोक आपापलं जुनं भांडण घेऊन उभे राहिले. सेंट ऑल्बन्सचं प्रकरण निवडलं ते यासाठी की इथे भांडणाची मुळं शंभर वर्षं मागे जाताना स्पष्ट दिसतात, आणि लोकांनी नेमकं काय मागितलं, काय तोडलं, काय जाळलं याची बारीक नोंद शिल्लक आहे.

दळण कुठे दळायचं

सेंट ऑल्बन्सचा मालक मठ होता. गावातली जमीन, आसपासची रानं, नदीचं पाणी, तळ्यातले मासे, रानातले ससे, बाजाराचा कर, न्यायासन, हे सगळं मठाधिपतीच्या हाती. या मालकीत एक हक्क होता दळणाचा. पाणचक्की मठाची, म्हणून गावातल्या प्रत्येकाने आपलं धान्य तिथेच आणून दळायचं आणि त्यातला ठरलेला हिस्सा दळणावळ म्हणून ठेवून यायचं. हा हिस्सा जागोजागी वेगळा असे. इंग्लंडच्या दक्षिणेत साधारण विसाव्या-चोविसाव्या भागाच्या आसपास, उत्तरेत त्याहून पुष्कळ जड. घरी जातं ठेवून दळताना सापडलं, तर मठाच्याच न्यायासनापुढे उभं राहून दंड भरायचा. लोकरीच्या कापडाचंही तसंच. कापड पाण्यात तुडवून घट्ट करायचं काम मठाच्या चक्कीवरच व्हावं, असा मठाचा आग्रह.

इथे एक प्रश्न पडतो. हाताने दळणं किती कष्टाचं आहे हे मराठी माणसाला सांगायला नको. खालची तळी, वरची तळी, खुंट्याला लागलेला हात, आणि पहाटेपासून खांदे भरून येईपर्यंतची फिरवाफिरव. पाणचक्की हे सगळं वाचवते. मग सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी जात्यासाठी इतका जीव का टाकला?

दळणावळ वाचते हे एक उत्तर आहेच. धान्याबरोबर बार्लीचं माल्टही दळायचं असे. त्या काळात एल नावाची बिअर गाळण्याचा घरगुती धंदा मोठ्या प्रमाणावर बायका करत, आणि प्रत्येक पोत्यामागे जाणारा हिस्सा त्यांच्या मिळकतीतून जाई. चक्कीवर नंबर लावून ताटकळायचं, ओझं वाहायचं, मापात मारलं गेलं तर तक्रार पुन्हा मालकाकडेच करायची, हाही जाच होता.

पण मला दुसरं कारण जास्त वजनाचं वाटतं. गावकऱ्यांचा दावा असा होता की सेंट ऑल्बन्स हे हक्काचं शहर आहे आणि आपण त्याचे नागरिक आहोत. मठाचं म्हणणं, तुम्ही आमच्या जमिनीवरची आमची माणसं. घरात स्वतःचं जातं बिनदिक्कत फिरतं की नाही, यावरून यातलं कोणतं खरं ते ठरत होतं. जातं हा त्या काळी दर्जाचा पुरावा होता. म्हणून मठाने ते हिसकावलं आणि म्हणूनच लोकांनी ते सोडलं नाही.

हे भांडण १२७४ च्या सुमाराला एकदा पेटलं होतं. तेव्हा पहिल्या एडवर्डची राणी एलेनॉर गावात येणार होती. मठाधिपती रॉजरने तिला नेहमीचा रस्ता टाळून आत न्यायचा बेत केला. गावातल्या बायकांना तो कळला. त्या राणीच्या वाटेत उभ्या राहिल्या आणि रडत दाद मागू लागल्या. राणीने मठाधिपतीला बोल लावला, पण पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि गाव हरलं. रोज पहाटे ज्या उठून दळत होत्या त्याच राणीपुढे गेल्या, हे मला फार स्वाभाविक वाटतं. दळणाचा प्रश्न आधी त्यांचाच होता.

एकदा जिंकलं, पाच वर्षांत गेलं

१३२७ च्या सुरुवातीला दुसऱ्या एडवर्डला गादीवरून खाली ओढलं गेलं. राज्य डळमळलं की गावं हलतात. सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी मठाला वेढा घातला आणि मठाधिपती ह्यूकडून सनद लिहून घेतली. शहराचा दर्जा मान्य, पार्लमेंटात आपले प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क मान्य, शहराची शीव मान्य, घरात जातं ठेवण्याचा हक्क मान्य. बघता बघता गावात ऐंशीच्या आसपास जाती बसली. एवढ्या घरांत एकदम घरघर सुरू झाली तेव्हा त्या गल्ल्यांमध्ये काय वाटलं असेल, याचा अंदाज आपण बांधू शकतो.

त्याच वर्षी ह्यू वारला आणि रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड गादीवर आला. लोहाराचा मुलगा, लहानपणी पोरका झालेला, ऑक्सफर्डला शिकलेला. त्या शतकातल्या इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांमध्ये त्याची गणना होते. मठात त्याने ग्रहताऱ्यांच्या गती दाखवणारं एक अजब घड्याळ बांधायला घेतलं. त्याला कुष्ठरोग जडला होता, चेहरा झडत चालला होता, तरी काम थांबवलं नाही. विज्ञानाच्या इतिहासात या माणसाचं नाव आदराने घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. गावाच्या बाबतीत मात्र तो कमालीचा कठोर निघाला. खटले, अटका, दबाव यांच्या जोरावर १३३१-३२ मध्ये त्याने गावाला झुकवलं. सनद परत घेतली. जाती घराघरांतून गोळा करून मठात आणवली आणि त्यांच्या तळ्या आपल्या दालनात फरशी म्हणून बसवल्या.

या एका निर्णयाजवळ थांबावं लागतं. दगड फोडून नदीत टाकले असते तर दोन पिढ्यांनी गोष्ट पुसट झाली असती. मठाधिपतीने ते जपून ठेवले, आणि तेही अशा ठिकाणी की मठात खंड भरायला, फिर्याद द्यायला, माफी मागायला आलेल्या माणसाला ते दिसावेत. त्याच्या लेखी ते विजयाचं चिन्ह होतं. गावाच्या लेखी ती आपलीच चोरलेली वस्तू होती, आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. १३३१ मध्ये ज्या दहा वर्षांच्या पोराने आईचं जातं दाराबाहेर जाताना पाहिलं, तो १३८१ मध्ये साठीचा होता. मठाने स्वतःच्या हाताने गावाची आठवण दगडात बांधून ठेवली होती.

मधली पन्नास वर्षं

१३४८-४९ ची महामारी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण ती कथा सर्वश्रुत आहे. मठात मठाधिपतीसह पन्नासच्या आसपास संन्यासी दगावले. माणसं कमी, म्हणून मजुरीचा भाव वाढला. १३४९ चा वटहुकूम आणि १३५१ चा कायदा यांनी मजुरी जुन्या दरावर बांधून टाकायचा प्रयत्न केला. वरून फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च. १३७७ पासून चार वर्षांत तीनदा डोईपट्टी लादली गेली. पहिली माणशी चार पेन्स. १३८० च्या नोव्हेंबरात नॉर्दॅम्प्टनच्या पार्लमेंटाने मंजूर केलेली तिसरी माणशी बारा पेन्स, पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला. लोकांनी घरातल्या विधवा बहिणी, अविवाहित मुली यादीतून लपवल्या. तपासनीस आले. ३० मे १३८१ ला एसेक्समधल्या ब्रेंटवुडला ठिणगी पडली.

सेंट ऑल्बन्सच्या गादीवर आता टॉमस द ला मेर होता. महामारीच्या वर्षी निवडून आलेला, सत्तरी ओलांडलेला, शिस्तीचा आणि मठाचे हक्क कोर्टात अखेरपर्यंत लढवणारा माणूस.

तीन दिवस

१३ जूनला केंट आणि एसेक्सचे लोक लंडनमध्ये घुसले. १४ तारखेच्या शुक्रवारी पहाटे सेंट ऑल्बन्स आणि बार्नेटचे लोक लंडनकडे निघाले. वाटेत हायबरीला त्यांनी खजिनदार रॉबर्ट हेल्सचा वाडा जळताना पाहिला. लंडनमध्ये ते सेंट मेरी-ल-बो चर्चमध्ये जमले आणि त्यांनी चर्चा केली: दाद कोणाकडे मागायची, राजाकडे की वॉट टायलरकडे? दोघांकडे, असं ठरलं. त्यांच्यातला विल्यम ग्रिंडकॉब राजासमोर वारंवार गुडघे टेकून पत्र मागत राहिला. टायलरने शब्द दिला की गरज पडली तर वीस हजार माणसं घेऊन येतो आणि संन्याशांच्या दाढ्या भादरतो. त्याच दिवशी माइल एंडला राजाने भूदासांना, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या कुळांना, मुक्त करणाऱ्या सनदा कबूल केल्या होत्या आणि कारकून त्या भराभर लिहीत बसले होते. हर्टफर्डशरसाठी दिलेल्या सनदेचा मजकूर आजही वाचायला मिळतो.

ग्रिंडकॉबबद्दल थोडं सांगायला हवं. तो मठातच लहानाचा मोठा झालेला, शिकलेला, त्याचे नातलग मठात होते. पूर्वी कधीतरी एका संन्याशावर हात टाकल्याबद्दल त्याला धर्मबहिष्कृत केलं गेलं होतं, आणि परत घेताना सगळ्या मठासमोर उघड्या अंगाने प्रायश्चित्त करायला लावलं होतं. मठाचं दार, दालन, दप्तर, माणसं या सगळ्याची त्याला आतून ओळख होती.

तो आणि विल्यम कॅडिंग्टन नावाचा बेकरीवाला त्याच संध्याकाळी धावतपळत गावी परतले. बातमी ऐकून मठाचा प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा अधिकारी, जॉन मूट काही संन्याशांसह उत्तरेकडे पळाला होता. रात्रीच मठाच्या रानाची कुंपणं पडली.

शनिवारी सकाळी लोक जमले. उजव्या हातात उजवा हात घेऊन एकमेकांना वचन दिलं. मग मिरवणुकीने रानात गेले आणि तिथे झाडांच्या फांद्या तोडून एकमेकांच्या हाती दिल्या. हे वाचताना रानाची नासधूस वाटेल, पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये जमिनीचा ताबा असाच दिला-घेतला जाई: मातीचं ढेकूळ किंवा फांदी घेणाऱ्याच्या हातात द्यायची, साक्षीदारांनी पाहायचं. गावाने रीतसर ताबा घेतला होता. तिथल्याच मोकळ्या माळावर लोकांनी एक जिवंत ससा पकडला. रानातले ससे मारण्याचा हक्क फक्त मठाचा. तो ससा त्यांनी गावात नेऊन, गुन्हेगाराला उभं करतात त्या खोड्याच्या खांबापाशी काठीवर टांगला. आता शिकार सर्वांची, हे अक्षरं न येणाऱ्यालाही कळावं म्हणून.

मठाचा तुरुंग उघडून कैद्यांना सोडलं. एकाला मात्र लोकांनी तिथेच दोषी ठरवून मठाच्या दाराशी त्याचं डोकं उडवलं. या तीन दिवसांत सेंट ऑल्बन्सच्या लोकांच्या हातून झालेली हत्या ती हीच, आणि ती झाकून पुढे जाता येत नाही.

दुपारी लंडनहून रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड घोड्यावरून आला, सेंट जॉर्जचं निशाण पुढे धरून. नाव तेच, पन्नास वर्षांपूर्वी जाती उचलणाऱ्या मठाधिपतीचं. हा मात्र गावातला सधन नागरिक आणि उठावातला पुढारी. त्याच्याकडे राजाचं पत्र होतं. पत्रात मठाधिपतीला हुकूम होता की पूर्वी हेन्री राजाने या गावच्या लोकांना चराई, मासेमारी वगैरेंबाबत दिलेली कागदपत्रं कायद्यानुसार त्यांच्या हवाली करावीत.

द ला मेरने आधी नकार दिला. हे सगळं तुमच्या बापजाद्यांच्या काळात कोर्टात मिटलं आहे, असं त्याचं म्हणणं. पण बाहेर जमाव होता आणि आतले संन्यासी घाबरून त्याची विनवणी करत होते. शेवटी त्याने कागद दिले. ते बाजारातल्या क्रूसापाशी नेऊन जाळले गेले. राणी एलेनॉर १२९० मध्ये वारली तेव्हा तिचं शव ज्या ज्या गावी रात्री थांबलं तिथे तिथे राजाने तिच्या स्मरणार्थ क्रूस उभारले, त्यातला एक याच बाजारात होता.

एवढ्याने लोकांचं समाधान झालं नाही. त्यांना आणखी एक सनद हवी होती: आठव्या शतकातल्या ऑफा राजाने मठ बांधणाऱ्या गवंड्यांना आणि कारागिरांना बक्षीस दिलेली, जिची मोठी अक्षरं आळीपाळीने सोनेरी आणि निळी आहेत अशी. असा कागद मठाकडे नव्हता. मठाधिपतीने तसं शपथेवर सांगितलं, लोकांना पटलं नाही. तो कागद बहुधा कधीच नव्हता. पण त्या अक्षरांचा रंगसुद्धा पाठ असावा इतकी ती सनद गावाच्या बोलण्यात जिवंत होती. आणि मागणी काय, तर आमच्या बापजाद्यांनी हा मठ बांधला, त्याची मजुरी म्हणून स्वातंत्र्य मिळालं, ते परत द्या. नव्या जगाची भाषा बंडखोरांचा धर्मोपदेशक जॉन बॉल याच्या प्रवचनांत होती. सेंट ऑल्बन्सचे लोक जुन्या हक्काची भाषा बोलत होते आणि त्यांच्या तोंडी ती तितकीच धारदार होती.

मग फरशी. दालनाच्या दारापाशी बसवलेल्या तळ्या उखडण्यात पुढे होता गावचा न्हावी जॉन. दगड बाहेर आले, फुटले, वाटले गेले. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर पवित्र पावाचे तुकडे करून सर्वांना वाटतात तसे ते वाटले, अशी नोंद आहे. ज्याच्या घरी तुकडा, त्याला तो पाहून कळावं की आपल्यावरच्या अन्यायाची भरपाई झाली. दळणाचा दगड आणि पाव यांचं नातं त्या माणसांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

१६ तारखेच्या रविवारी मठाधिपतीने नवी सनद लिहून दिली. चराई, मासेमारी, शिकार यांचे हक्क, घरात जातं ठेवायची मुभा, आणि मठाच्या कारभाऱ्याने शहराच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, ही हमी. आसपासच्या मठाच्या खेड्यांतूनही माणसं येऊन आपापल्या सनदा लिहून घेऊन गेली. बार्नेटकरांना मठाचं दप्तर हवं होतं, कारण त्यांच्या बांधील कुळांचा सगळा इतिहास त्यात कैद होता.

हे आपल्याला सांगतंय कोण

वरचा जवळजवळ सगळा तपशील एका माणसाच्या लेखणीतून येतो: टॉमस वॉल्सिंगम, याच मठातला संन्यासी आणि इतिहासकार. बंडखोरांना तो शिव्या देतो, त्यांना गावंढळ आणि सैतानाची पिल्लं समजतो. त्याच्या मठावर घाला आला होता, राग येणारच. पण म्हणूनच त्याच्या लिखाणातल्या काही गोष्टी विश्वासाच्या वाटतात. पवित्र पावाची उपमा बंडखोरांना मान देणारी आहे. आपल्या शत्रूसाठी ती उपमा त्याने मनाने रचली असेल असं वाटत नाही. समाधी लुटली गेली असती, एखादा संन्यासी मारला गेला असता, तर त्याने ते पानंच्या पानं लिहिलं असतं. त्याच आठवड्यात सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्सला काय झालं ते ताडून पाहावं. तिथल्या मठाचा प्रायर जॉन ऑफ केंब्रिज आणि सरन्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश दोघांचीही मुंडकी लोकांनी बाजारात टांगली. तिथेही मठाची मालकी, तिथेही १३२७ चा उठाव, तरी शेवट इतका निराळा. सेंट ऑल्बन्सच्या पुढाऱ्यांना जिवंत मठाधिपती हवा होता, कारण सनदेवर शिक्का त्याचाच लागणार होता.

हिशेब

ज्या शनिवारी राजाचं पत्र सेंट ऑल्बन्सला वाचलं गेलं, त्याच शनिवारी स्मिथफील्डला टायलर मारला गेला. गावाला ते लगेच माहीत नव्हतं. त्यांच्या हातातल्या कागदामागचं बळ कागद पोचेपर्यंत संपत आलं होतं.

जूनच्या अखेरीला हर्टफर्डशरचाच एक सरदार, सर वॉल्टर ॲट ली, शिपाई घेऊन आला. त्याने बारा पंच नेमून म्होरक्यांची नावं विचारली. पंचांनी उत्तर दिलं की आमच्यात सगळे राजाशी इमानी आहेत, दोषी असा कोणी आम्हाला ठाऊक नाही. सनद मागितली तर ती कोणाकडे आहे ते माहीत नाही. शेवटी लीने ग्रिंडकॉब, कॅडिंग्टन आणि न्हावी जॉन या तिघांना पकडून हर्टफर्डला नेलं.

ग्रिंडकॉबला जामिनावर सोडलं ते एका अटीवर: गावाला समजावून सनद परत करायला लाव. तो आला, आणि लोकांपुढे उभा राहून बरोबर उलटं बोलला. वॉल्सिंगमने नोंदवलेल्या भाषणाचा आशय असा: इतक्या वर्षांच्या जाचानंतर थोडं स्वातंत्र्य हाती आलंय, ते टिकवता येईल तोवर टिकवा. माझी चिंता करू नका. यासाठी मरण आलं तर मी स्वतःला भाग्यवान समजेन. काल हर्टफर्डला माझं डोकं उडवलं गेलं असतं तर आज तुम्ही जे केलं असतं, तेच आता करा. एवढं बोलून तो तुरुंगात परत गेला. मला या प्रकरणातला कुठलाही दुसरा प्रसंग इतका हलवून जात नाही.

२ जुलैला चेल्म्सफर्डला राजाने सगळ्या सनदा रद्द केल्या. १२ जुलैला तो स्वतः सैन्यासह सेंट ऑल्बन्सला आला, बरोबर नवा सरन्यायाधीश रॉबर्ट ट्रेसिलियन. पंचांच्या तीन तुकड्या बसवल्या गेल्या, एकीने दिलेली नावं दुसरीकडून वदवून घेतली गेली आणि गावाचं मौन फुटलं. कोव्हेंट्रीला सापडलेल्या जॉन बॉललाही इथेच आणून १५ जुलैला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले. सेंट ऑल्बन्सच्या उठावासाठी पंधरा जणांना फाशी झाली. ग्रिंडकॉब, कॅडिंग्टन आणि न्हावी जॉन त्यांत होते. मठाला त्याचे हक्क परत मिळाले.

राजा गेल्यावर लोकांनी प्रेतं उतरवून पुरली. ही बातमी वर पोचली, आणि ऑगस्टमध्ये हुकूम आला की ती बाहेर काढून साखळदंडांनी पुन्हा टांगावीत. कुजलेली, अळ्या पडलेली ती प्रेतं गावकऱ्यांना आपल्या हातांनी परत चढवावी लागली. वॉल्सिंगम हे समाधानाने लिहितो. ज्या गावाने दगडाचे तुकडे प्रसादासारखे वाटून घेतले, त्याच गावाला धडा शिकवायला सत्तेने त्याच्याच माणसांची शरीरं वापरली.

कुठे बिनसलं

गावाची चूक कोणती, असं विचारलं तर माझं उत्तर असं आहे. त्यांनी सगळं काम कागदाच्या आणि रीतीच्या चौकटीत केलं: राजाचं पत्र, मठाधिपतीचा शिक्का, फांदीने घेतलेला ताबा. ही त्यांची समज होती, भाबडेपणा म्हणून ती उडवून लावू नये; १३३२ चा पराभवही कागदानेच झाला होता. पण तो कागद देणारा राजा चौदा वर्षांचा, वेढलेला आणि वेळ काढत असलेला होता. भीतीपोटी दिलेला शब्द भीती सरल्यावर बांधील नाही, असं म्हणायला त्याच्या सल्लागारांना दोन आठवडेही लागले नाहीत. वॉल्सिंगमच्याच म्हणण्यानुसार राजाने एसेक्सच्या माणसांना सुनावलं की तुम्ही बांधील होतात आणि बांधीलच राहाल.

दुसरं, शहर आणि खेडी एका दिवसापुरती एकत्र आली. शहराला नागरिकत्व हवं होतं, खेड्यांना बांधिलकीतून सुटका. ली आला तेव्हा प्रत्येक गाव एकटंच त्याच्यासमोर उभं होतं. हे विखुरलेपण जवळपास सगळ्या प्रांतिक उठावांत दिसतं, आणि शासनाने त्याचाच फायदा घेऊन एकेक परगणा आवरला.

हरल्यावरही गाव स्वस्थ बसलं नाही. १४०३ ते १४१२ या काळात लोकांनी बाजारात स्वतःचा घड्याळाचा मनोरा बांधला, मठाच्या घंटेवर वेळ मोजायची नाही म्हणून. तो आजही उभा आहे. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केला. १५५३ मध्ये सहाव्या एडवर्डकडून सेंट ऑल्बन्सला शहराची सनद मिळाली, आणि गावाने मठाचं चर्च ४०० पौंडांना विकत घेतलं. मठाच्या राहत्या इमारती तोवर पाडल्या गेल्या होत्या. चर्च आणि द ला मेरने बांधलेला मोठा दरवाजा तेवढे उरले.